वेगवेडे जेआरडी

वेग विकत मिळतो हे तुम्हाला माहीत आहे का? अमेरिकेत लास वेगासला सुट्टीवर गेलेली माणसं तिथल्या रेस ट्रॅकवर जातात, काउंटरवर पैसे भरतात, फेरारी हवी की लॅम्बोर्गिनी ते सांगतात, हेल्मेट चढवतात, शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो आणि पाच-सात लॅप मारून, फोटो काढून ती हॉटेलवर परत येतात. जर्मनीतला नुर्बुर्गरिंग हा ट्रॅक १९२७ साली सुरू झाला, तेव्हापासून तिथे कुणीही तिकीट काढून आपली गाडी पळवू शकतो. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११ साली बुद्ध सर्किट झालं. तिथेही ट्रॅक-डेला ज्यांच्याकडे तशा गाड्या आहेत ते फी भरून जातात.

या विषयावर होस्टेलमध्ये हमखास दोन तट पडतात. मेकॅनिकलवाले म्हणतात की आयुष्यात एकदा तरी करायलाच पाहिजे. उरलेले म्हणतात की हा शुद्ध माज आहे. मी बुलढाणा तालुक्यातल्या धाडचा. आमच्याकडे एखाद्या घराची कापूस-सोयाबीनची अख्ख्या हंगामाची शिल्लक अशा दहा मिनिटांत धूर होऊन जाईल. तेव्हा माझं मत कुठल्या बाजूला असणार हे सांगायला नको. पण या वादात मला नेहमी एक माणूस आडवा येतो. त्यानेही तरुणपणी बापाच्या पैशावर भरपूर वेग विकत घेतला. सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर विमानातून चक्कर मारली, मुंबईच्या रस्त्यांवर बुगाटी उधळली, त्यापायी कोर्टाची पायरीसुद्धा चढला. आणि त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, पण होता आलं नाही. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. सगळे त्यांना जेआरडी म्हणत, आपणही तेच म्हणू.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय, म्हणजे आर. डी. टाटा हे जमशेदजी टाटांचे नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून या सूनीबाईंचं नाव घेतलं जातं, ते साल १९०५. म्हणजे स्टिअरिंग पोराला आईच्या दुधातून मिळालं असं म्हणायला हरकत नाही. घर कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, मध्ये काही काळ जपानात योकोहामाला. त्यामुळे शाळा सारख्या बदलल्या. आपल्याकडे एका पोराची तीनदा शाळा बदलली तर दहावीला काय होतं ते आपण बघतोच. जहांगीरचं शिक्षणही असंच तुकड्यातुकड्यांनी झालं, आणि त्याचा पुढे त्याला फटकाही बसला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी जाई. तिथे त्यांचं घर होतं आणि त्याच किनाऱ्यावर घर होतं लुई ब्लेरियोचं. हा तोच ब्लेरियो, ज्याने २५ जुलै १९०९ ला स्वतः बनवलेल्या विमानातून इंग्लिश खाडी पार केली. तेव्हा जहांगीर पाच वर्षांचा व्हायचा होता. ब्लेरियोच्या मुलांशी टाटांच्या मुलांची दोस्ती होती, आणि ओहोटीच्या वेळी हार्डेलोच्या कडक वाळूवर विमानं उतरत. शेजाऱ्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभा असला की पोरं दिवसभर त्याच्याभोवती घोटाळतात ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे शेजाऱ्याकडे विमान होतं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर युरोपात एक नवा धंदा निघाला. लष्कराची विमानं स्वस्तात विकली जात होती आणि वैमानिक बेकार झाले होते. त्यांनी विमानं यात्रेच्या, सुट्टीच्या ठिकाणी नेली आणि हौशी लोकांना आकाशात एक चक्कर मारून आणायला सुरुवात केली. त्याला जॉयराइड म्हणत. आजच्या लास वेगासच्या ट्रॅकचा हा आजोबाच म्हणा. पंधराव्या वर्षी हार्डेलोच्या किनाऱ्यावर जहांगीर अशाच एका जॉयराइडला बसला. चालवायला नव्हे, नुसतं बसायला. काही मिनिटांचा खेळ. पण खाली उतरला तो वैमानिक व्हायचं ठरवूनच. प्रत्यक्षात शिकायला मिळायला पुढे दहाएक वर्षं लागली.

मधल्या काळात काय झालं ते आपल्या कॉलेजच्या वाचकांना जास्त जवळचं वाटेल. १९२३ साली आई क्षयाने गेली. जहांगीर इंग्लंडमध्ये एका क्रॅमरकडे, म्हणजे तिकडच्या क्लासमध्ये, केंब्रिजच्या प्रवेशाची तयारी करत होता. शाखा ठरलेली होती, इंजिनिअरिंग. तेवढ्यात फ्रेंच नागरिक म्हणून त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीचं बोलावणं आलं. वर्षभर तो फ्रेंच घोडदळाच्या एका पलटणीत होता. घोडा, बंदूक वगैरे ठीक, पण त्याला टायपिंग येतं हे कळल्यावर साहेबांनी त्याला ऑफिसात बसवलं! मुदत संपत आल्यावर त्याला आणखी राहून घोडेस्वारीचं पुढचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. वडिलांनी साफ नकार दिला. तो परत आला, आणि नंतर त्याची पलटण मोरोक्कोत लढाईत कापली गेली. बापाच्या एका नकाराने पोरगा वाचला.

पण त्याच बापाच्या दुसऱ्या आज्ञेने केंब्रिज हुकलं. वडिलांना मुलगा आता धंद्यात हवा होता. डिसेंबर १९२५ मध्ये एकवीस वर्षांचा जहांगीर मुंबईला येऊन टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसला. आठ-नऊ महिन्यांतच, १९२६ साली, वडील वारले. बाविसाव्या वर्षी तो टाटा सन्सच्या संचालक मंडळावर वडिलांच्या जागी आला, आणि धाकट्या भावंडांची जबाबदारीही त्याच्यावर आली. कॉलेजचं दार कायमचं बंद झालं. डिग्री नसल्याची ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत राहिली. पुढे देशातले मोठमोठे इंजिनिअर ज्यांच्या हाताखाली काम करत होते, त्यांच्या नावापुढे बी.ई. नव्हतं. आपण केटी राहिली की आयुष्य संपलं असं समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता बुगाटी. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात मोल्सहाइम नावाच्या गावात एत्तोरे बुगाटी हा इटालियन माणूस गाड्या बनवत असे. त्याच्या टाइप ३५ या गाडीने विसाव्या दशकात रेसच्या रेस मारल्या. हलकी बॉडी, सुंदर इंजिन आणि ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळण्याची ताकद. तेव्हाची सुपरकार म्हणजे बुगाटी. तरुण जेआरडींकडे मुंबईत एक बुगाटी होती, आणि ती ते कशी हाकत याची चर्चा शहरभर होती. बैलगाड्या, ट्राम, व्हिक्टोरिया आणि पायी चालणारी माणसं यांच्यामधून हा टाटांचा मुलगा सुसाट निघायचा.

इथे मला त्यांचं कौतुक करवत नाही. वेगाची हौस असणं हा काही गुन्हा नाही. पण ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, कडेला मोकळी जागा सोडलेली असते आणि धोका फक्त तुमचा असतो. रस्त्यावर तो धोका तुम्ही दुसऱ्याच्या गळ्यात बांधता, आणि त्याला विचारत नाही. धाड-बुलढाणा रस्त्यावर सायलेन्सर काढून गाड्या पळवणारे आपलेच काही मित्र आहेत. वळणावर समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली येते तेव्हा त्यातल्या माणसाने कुठे तिकीट काढलेलं असतं? जेआरडींना मुंबईत ट्रॅक नव्हता हे खरं. इंग्लंडात ब्रुकलँड्स १९०७ पासून होता, आपल्याकडे काहीच नव्हतं. पण ते कारण पुरेसं नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. गाडी बेफाम हाकल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी नावाचे नामांकित वकील गाठले. वकिलांची एक पुतणी होती, थेल्मा. केसच्या निमित्ताने ओळख झाली आणि १५ डिसेंबर १९३० ला जेआरडी आणि थेल्मा यांचं लग्न झालं. हिंदी सिनेमातच शोभेल असा हा योग. (मित्रांनो, यावरून कुणी चुकीचा अर्थ काढू नये. वाहतूक पोलिसाने पकडलं तर पावतीच फाडावी लागते.)

याच सुमारास मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला. जेआरडी पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं, भारतात दिलं गेलेलं पहिलं. त्यावर नंबर होता १. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं खरं वळण हेच. बुगाटी चालवायला फक्त पैसे आणि धाडस लागत होतं. विमान तसं चालत नाही. तिथे उडण्याआधी इंधन तपासावं लागतं, वारा बघावा लागतो, लॉगबुक लिहावं लागतं, आणि आकाशात इंजिन बंद पडलं तर बाजूला घेऊन उभं राहता येत नाही. रस्त्यावरची बेफिकिरी तिथे फार काळ टिकत नाही.

१९३० साली आगाखानांनी बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मे महिन्यात जेआरडी कराचीहून आपलं छोटं जिप्सी मॉथ घेऊन निघाले. एक इंजिन, नकाशा आणि होकायंत्र, रेडिओ नाही. त्याच वेळी उलट बाजूने, इंग्लंडहून, अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा निघाला होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरच्या विमानतळावर. अस्पीचं विमान तिथे अडकून पडलं होतं. कारण काय, तर स्पार्क प्लग! जुनी स्प्लेंडर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. प्लगवर काजळी धरली की ठिणगी पडत नाही. गावात आपण प्लग काढून पॉलिश पेपरने घासतो आणि किक मारतो, पण समुद्रावरून, वाळवंटावरून जाणाऱ्या विमानात असली जुगाडगिरी कोण करणार? अस्पीकडे जादा प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. त्यांनी आपले प्लग काढून त्याला देऊन टाकले.

अस्पी कराचीला पोचला तेव्हा जेआरडी पॅरिसपर्यंत आले होते. काही तासांच्या फरकाने बक्षीस गेलं. ज्याला इंजिनिअर व्हायचं होतं तो हरला आणि ज्याचं आडनाव इंजिनिअर होतं तो जिंकला. हा अस्पी पुढे भारतीय हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलाचा प्रमुख होता. प्लग दिले नसते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. जेआरडी बहुधा जिंकले असते. रस्त्यावर इतरांची पर्वा न करणारा माणूस शर्यत चालू असताना प्रतिस्पर्ध्यासाठी थांबतो, हे दोन-तीन वर्षांत कसं घडलं याचा खुलासा मला कुठे सापडलेला नाही. माझा अंदाज इतकाच की एकट्याने वाळवंट ओलांडणाऱ्याला प्लगची किंमत कळते.

यानंतर जे घडलं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे, पण पुस्तकात त्यातली गंमत येत नाही. १९२९ पासून लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानसेवेने कराचीपर्यंत येत होतं. तिथून मुंबईला रेल्वेने, म्हणजे निम्मा फायदा वाटेतच संपत होता. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या ब्रिटिश वैमानिकाच्या डोक्यात कल्पना आली की कराची ते मद्रास टपाल विमानाने न्यावं. जेआरडींनी ती उचलली. टाटा सन्सचे अध्यक्ष दोराबजी टाटा राजी नव्हते, पण पीटरसन या वरिष्ठ अधिकाऱ्याने शब्द टाकला आणि सुमारे दोन लाख रुपये मंजूर झाले. दोराबजी ते उड्डाण बघायला राहिले नाहीत, जून १९३२ मध्ये ते वारले.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी पुस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. हे विमान साधारण ताशी १०० मैलांनी, म्हणजे १६० किलोमीटरने जायचं. गणित करून बघा, रेसिंगची बुगाटी याच्यापेक्षा वेगवान होती! अहमदाबादला इंधन भरायला उतरले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. ज्या बैलगाड्यांमधून ते मुंबईत बुगाटी काढायचे, त्याच बैलगाडीवर आता त्यांचं विमान अवलंबून होतं. दुपारी जुहूला उतरले. धावपट्टी वगैरे काही नाही, सपाट मातीचं मैदान. तिथून व्हिन्सेंटने दुसऱ्या विमानात थैल्या टाकल्या आणि बेल्लारीमार्गे मद्रास गाठलं. पावसाळ्यात जुहूला पाणी साचायचं, तेव्हा सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला न्यायचं आणि तिथून विमानं उडवायची.

रात्री उतरायला दिवे नाहीत, हवामानाची धड माहिती नाही, खाली रेल्वेचे रूळ बघत वाट काढायची. तरी पहिल्या वर्षात या सेवेने वेळापत्रक इतकं काटेकोर पाळलं की सरकारी अहवालात त्याची वाहवा झाली. धाडच्या स्टँडवर तास-तास एसटीची वाट बघितलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. इथून पुढे जेआरडींचा वेग म्हणजे किती जोरात गेलो हा नाही. ठरल्या मिनिटाला पोचलो की नाही, हा आहे. बुगाटी सगळ्यांच्या पुढे निघून जाण्यासाठी होती. टपालाच्या विमानाला पुढे कुणीच नव्हतं, होती ती फक्त पत्राची वाट बघणारी माणसं.

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. तेव्हापासूनची यादी मोठी आहे, ती थोडक्यात उरकतो. १९४५ साली टेल्को सुरू झाली, आधी रेल्वे इंजिनं आणि १९५४ पासून जर्मन डेम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक. सुमंत मुळगावकरांसारखा मराठी इंजिनिअर त्यांनी तिथे नेमला आणि त्याला मोकळा हात दिला. आमच्या बाजाराच्या दिवशी गावात माल घेऊन येणारी ४०७ त्याच परंपरेतली. १९४५ सालीच होमी भाभांच्या टीआयएफआरला त्यांनी पाठबळ दिलं. १९७४ साली बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं का छापलं, असं विचारणारं पोस्टकार्ड थेट जेआरडींना टाकलं. तिला मुलाखतीला बोलावणं आलं आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला इंजिनिअर रुजू झाली. त्याच पुढे सुधा मूर्ती. पंधरा पैशांच्या आसपासचं पोस्टकार्ड, पण टपालावर भरवसा ठेवणारा माणूस पलीकडे बसलेला होता.

जीव मात्र विमानातच. टाटा एअरलाइन्सची १९४६ साली एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला गेलं. जेनिव्हात लोक एअर इंडियाचं विमान डोक्यावरून गेलं की घड्याळ लावायचे, असा एक किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, तो दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्याबद्दल कुणी रचलेला नाही. १९५३ साली कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. आपण उभं केलेलं हातातून गेलं याचं दुःख त्यांनी लपवलं नाही, पण सरकारने अध्यक्ष व्हायला सांगितलं तेव्हा ते झाले, आणि पंचवीस वर्षं राहिले. विमानात बसले की प्रवासी म्हणून झोप काढायची सोडून खुर्ची नीट मागे जाते का, पडदे कळकट आहेत का, चहा-कॉफी कशी आहे, संडास स्वच्छ आहे का, याच्या नोंदी करायचे आणि उतरल्यावर लांबलचक टिपण पाठवायचे. व्हायव्हाला असा एक्स्टर्नल आला तर आपली काय अवस्था होईल!

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. पंचेचाळीस वर्षं सांभाळलेलं काम असं एका फटक्यात गेलं. १९८० साली त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्ष म्हणून नाही. कंपनी टाटांकडे परत आली ती २७ जानेवारी २०२२ ला, जेआरडी गेल्यावर २८ वर्षांनी.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जेनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, आईवडिलांच्या शेजारी, त्यांना ठेवलं.

ट्रॅकचं एक सांगायचं राहिलं. भारतात मोटारींच्या शर्यती रुजल्या त्या कुठे, तर जुन्या विमानतळांवर. मद्रासजवळचं शोलावरम, कलकत्त्याजवळचं बराकपूर, आणि मुंबईत जुहू. जिथे टपालाच्या थैल्या उतरल्या होत्या, त्याच जुहूला पुढे शर्यतीच्या गाड्या पळाल्या. म्हणजे बुगाटीला हवी होती ती जागा मुंबईत शेवटी मिळाली, फक्त तिच्या मालकाला तोपर्यंत तिची गरज उरली नव्हती.

आणि जुहूला जेआरडी पुन्हा एकदा उतरले. १५ ऑक्टोबर १९८२, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तो दिवस. वय ७८. त्या काळातलंच एक जुनं लेपर्ड मॉथ विमान दुरुस्त करून तयार केलं होतं. कराचीहून ते निघाले आणि तोच मार्ग पकडून मुंबईला आले. कॉकपिटमध्ये ते एकटेच होते.